नाबोथाचा द्राक्षमळा

शास्त्रपाठाच्या तासाला राजांच्या पहिल्या पुस्तकांतील नाबोथाची कथा आली म्हणजे वर्गांत सहसा गडबड होत नाहीं. राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तो भाजीपाल्यासाठीं हवासा झाला. वडिलार्जित जमीन मी देणार नाहीं, असें नाबोथानें सांगितलें. मग खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथास दगडमार झाला आणि मळा राजाच्या हातीं आला. कबजा घ्यावयास राजा मळ्यांत उतरला, तों एलीया संदेष्टा तेथें त्याच्यापुढें उभा! गेलीं दोनतीन वर्षें ही कथा संपली कीं कोणी तरी विद्यार्थी हमखास विचारतो, "गुरुजी, पॅलेस्टाईनांत लोकांच्या जमिनी जातात असें वर्तमानपत्रांत येतें. मग आज यहूदी लोकांत एलीया कोणी नाहीं काय?"

प्रश्न वाजवी आहे. घंटा होण्यापूर्वीच्या पांच मिनिटांत त्याचें उत्तर देतां येत नाहीं, म्हणून तें येथें लिहून काढीत आहों. पालकांनींही तें वाचावें अशी इच्छा आहे, कारण ह्या विषयावर घरोघर जें बोललें जातें तेंच मुलें शाळेंत घेऊन येतात. एका घरांत सगळे यहूदी शूर व सगळे अरब दुष्ट. शेजारच्या घरांत सगळे यहूदी जुलमी. एक अख्खा समाज म्हणजे जणूं एकच मनुष्य, असें दोन्ही घरें धरून चालतात.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करूं. यहूदी हें एका धर्माचें व त्या धर्माच्या लोकांचें नांव आहे. जगांत ते सुमारें दीड कोटि आहेत. त्यांतील जवळजवळ निम्मे इस्राएलांत व पुष्कळसे अमेरिकेंत राहतात. इस्राएल हें 14 मे 1948 रोजीं स्थापन झालेलें राष्ट्र आहे आणि त्याच्या नागरिकांत सुमारें एक पंचमांश अरब आहेत. पॅलेस्टाईनी म्हणजे त्या भूमीचे अरब रहिवासी. ते बहुतेक मुसलमान आहेत. तथापि बेथलेहेम, रामल्ला व नासरेथ ह्या गांवांत आमच्याच धर्माचीं जुनीं घराणीं आहेत, हें आमच्या ख्रिस्ती वाचकांसही पुष्कळदां ठाऊक नसतें. शास्त्रांतील गज्जा म्हणजेच आजचा गाझा.

आतां नियमशास्त्राकडे वळूं. आमच्या मराठी शास्त्रांत "उपरी" हा शब्द जागोजाग आढळतो. शेतकरी पालकांस त्याचा मूळ अर्थ सांगावयास नको. पेशवाईंत जमीन कसणारीं कुळें मुख्यतः दोन प्रकारचीं असत. वंशपरंपरेच्या हक्कानें कसणारा तो मिरासदार. बाहेरून येऊन करारानें कसणारा तो उपरी. उपऱ्याला गांवांत मान कमी, जमिनीवर कायमचा हक्क नाहीं, आणि दुष्काळ पडला कीं गांव सोडणारा पहिला तोच. मोशेच्या नियमशास्त्राची शिकवण अशी कीं, मिसर देशांत आपण स्वतः उपरे होतों ह्याची आठवण धरून उपऱ्यावर जुलूम करूं नये, त्याला व आपल्या भाऊबंदांस एकच कायदा लावावा, त्याच्यावर प्रीति करावी. ही आज्ञा इतक्या वेळां आली आहे कीं तालमुदांतील एका रब्बीनें ती मोजून 36 वेळां आहे असें सांगितलें, आणि त्याच जागीं 46 वेळां असें दुसरें मतही नमूद आहे! ह्याच शास्त्रांत आणखी दोन आज्ञा आहेत. त्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवाव्या, कारण पुढें त्यांचें काम पडणार आहे. शत्रूच्या नगराला वेढा घातला असतांही फळझाडें तोडूं नयेत, ही एक. जैतुनाचें झाड एकदां झोडपल्यावर फांद्यांवर जें राहील तें पुन्हां झोडपूं नये, तें उपरी, अनाथ व विधवा ह्यांचें, ही दुसरी.

मनुष्यांस ह्या आज्ञा शिकवावयाच्या कोणीं? यहूदी धर्मांत पोप नाहीं. रब्बी हा याजक नसून शिक्षक असतो. त्याची नेमणूक सभास्थानाची मंडळी करते व तीच त्याला पगार देते. तालमुदांत वाद झाला तर हरलेल्या पक्षाचें मतही जपून लिहून ठेवलेलें असतें. मतभेद हा त्या धर्माच्या अभ्यासाचा नेहमींचाच भाग आहे. परंतु जेथें शिक्षकाचा पगार मंडळीच्या हातीं असतो तेथें मंडळीला न रुचणारी गोष्ट बोलणें किती कठिण असतें, हें आमच्या शिक्षकबंधूंस वेगळें सांगणें नलगे. अमेरिकेंत ही अडचण मंडळी व देणगीदार ह्यांच्या रूपानें येते. इस्राएलांत ती सरकारच्या रूपानें येते. तेथें 1921 सालीं, इंग्रजी अमदानींत, प्रमुख रब्बींचें पीठ स्थापन झालें, आणि यहूद्यांचे विवाह आजही त्याच पीठाच्या अधिकाराखालीं लागतात.

ह्या पीठाची ओळख आमच्या कोंकणच्या माणसांना फार कडू रीतीनें झाली. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वांचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. ते तेल गाळण्याचा धंदा करीत व शनवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईंत मांडवीला त्यांचें पहिलें सभास्थान 1796 सालीं उभें राहिलें. त्याला ते स्वतः मराठींत "मशीद"च म्हणत. त्यांचीं कित्येक मुलें मिशन शाळांच्या बांकांवर शिकलीं आहेत. 1948 नंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएलास गेलीं. पुढें 1962 सालीं प्रमुख रब्बींच्या पीठानें हुकूम काढला कीं, ह्या लोकांचा विवाह इतर यहूद्यांशीं लावण्यापूर्वीं त्यांच्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. म्हणजे ज्यांनीं शतकानुशतकें कोंकणांत शनवार पाळला ते आपल्याच पवित्र भूमींत उपरे ठरले. ह्या लोकांनीं यरुशलेमांत धरणें धरिलें. इतर यहूद्यांतूनही त्यांच्या बाजूनें आवाज उठला, 1964 सालच्या ऑगस्टांत कायदेमंडळानें त्यांच्या बाजूनें ठराव केला, आणि हुकुमांतील त्यांच्या समाजाचें नांव पीठाला वगळावें लागलें. धर्म एक आणि त्या धर्माची कचेरी दुसरी, हें ह्या उदाहरणावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दिसत असेल.

धर्मसंस्थांचें राष्ट्राविषयींचें मतही एकच राहिलेलें नाहीं. आज बहुतेक मोठ्या यहूदी संस्था इस्राएलच्या पाठीशीं उभ्या आहेत, म्हणून हें समर्थन धर्माचेंच अंग आहे असें पुष्कळांस वाटतें. इतिहास तसें सांगत नाहीं. 1885 सालीं अमेरिकेंतील सुधारक रब्बींनीं पिट्सबर्ग येथें जाहीर केलें होतें कीं, यहूदी हा आतां एक धर्मसमाज आहे, तें राष्ट्र नव्हे, आणि पॅलेस्टाईनांत परत जाण्याची त्याला अपेक्षा नाहीं. 1897 सालीं यहूदी राष्ट्रवाद्यांची पहिली परिषद म्युनिक शहरीं भरावयाची होती. तेथील यहूदी मंडळीनेंच हरकत घेतली म्हणून ती स्वित्झर्लंडांतील बाझल येथें न्यावी लागली. तिचें आमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएलांसही आलें होतें. देव आपल्या हातानें नेईल तेव्हां जाऊं, अशा अर्थाचा नकार त्यांनीं पाठविला.

मग हें चित्र पालटलें कशानें? मुख्यतः युरोपांतील छळानें. आणि येथें ख्रिस्ती शाळेच्या पुस्तकांत लिहितांना आम्हांस मान खालीं घालावी लागते. शतकानुशतकें युरोपांतील कित्येक व्यासपीठांवरून यहूदी लोकांविषयीं तिरस्कारच शिकविला गेला. त्या जमिनींत जें बीं पेरलें गेलें त्याचें पीक हिटलरनें कापलें, व सुमारें साठ लक्ष यहूदी मारले गेले. देशोदेशींचीं दारें बंद असतां ज्याला पळावयास एकच वाट उरली त्या मनुष्याला आपण तिकडे कां गेलास असें विचारण्याचा अधिकार निदान आम्हांस तरी नाहीं. परंतु तो जेथें गेला ती भूमि रिकामी नव्हती. हें दुसरें सत्य पहिल्यानें पुसलें जात नाहीं. आणि तें प्रथम मोठ्यानें बोलून दाखविणाऱ्यांत यहूदीच होते.

1891 सालीं अहद हाअम ह्या टोपणनांवाचा प्रसिद्ध हिब्रू लेखक पॅलेस्टाईन पाहून आला व परत जाऊन त्यानें लिहिलें कीं, ही भूमि ओसाड आहे असें आपण परदेशांत समजतों तें खोटें आहे, आणि आपले वसाहतवाले अरबांशीं जी अरेरावी करितात तिचें फळ बरें येणार नाहीं. 1905 सालीं बाझल येथेंच इसहाक एपस्टाईन नांवाच्या शिक्षकानें व्याख्यान देऊन सांगितलें कीं, दूरच्या सावकाराकडून जमीन विकत घेतली म्हणजे कायदा पुरा होतो, पण ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळाचें काय, हा प्रश्न आपण झांकून ठेविला आहे. कुळाचा प्रश्न! आमच्या इकडील वाचकांस तो अर्ध्या शब्दांत कळेल.

ह्या परंपरेंतील ज्या पुरुषाविषयीं आम्हांस विशेष आदर वाटतो तो म्हणजे रब्बी यहूदा मॅग्नेस. त्याचा जन्म 1877 सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें झाला. न्यूयॉर्कांतील एका धनाढ्य सभास्थानाचा तो रब्बी होता. पुढें तो यरुशलेमांत जाऊन राहिला, आणि 1925 सालीं तेथें हिब्रू विश्वविद्यालय उघडलें तेव्हां त्याचा पहिला प्रमुख झाला. यहूदी लोकांनीं पॅलेस्टाईनांत यावें, हिब्रू भाषा व विद्या तेथें वाढवावी, हें त्याला मनापासून हवें होतें. पण अरबांच्या इच्छेविरुद्ध, संगिनींच्या बळावर नको. दोन्ही लोकांनीं समान हक्कानें एकच राज्य चालवावें, असें त्याचें मत. 1929 च्या दंग्यांत हेब्रोन येथें अरबांच्या जमावानें 67 यहूदी ठार केले (कित्येकांस त्यांच्या अरब शेजाऱ्यांनींच घरांत लपवून वांचविलें). त्या दंग्यांनंतरही मॅग्नेसनें मत बदललें नाहीं. उलट 1930 सालीं त्यानें एक पुस्तिका काढून प्रश्न केला कीं, आपण इतर राष्ट्रांसारखेंच आणखी एक राष्ट्र होण्यासाठीं एवढा खटाटोप करितों काय? 1942 सालीं मार्टिन बूबर ह्या तत्त्ववेत्त्याच्या व हदासा ह्या रुग्णसेवेच्या संस्थेची संस्थापिका हेन्रिएटा झोल्ड हिच्या साह्यानें त्यानें "इहूद" म्हणजे "ऐक्य" नांवाचें मंडळ स्थापिलें. मंडळ लहान होतें; अरबांकडूनही त्याला फारसा प्रतिसाद मिळाला नाहीं. इंग्रज व अमेरिकन लोकांच्या संयुक्त समितीपुढें 1946 त व संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढें 1947 त त्यानें जाऊन साक्ष दिली. देशाची फाळणी झाल्यास युद्ध होईल, असें त्याचें सांगणें होतें.

तें युद्ध आलेंच. 9 एप्रिल 1948 रोजीं यहूदी सशस्त्र टोळ्यांनीं यरुशलेमजवळच्या देर यासीन ह्या अरब खेड्यांत शंभराहून अधिक माणसें मारलीं. त्यांत बायकामुलें होतीं. चारच दिवसांनीं अरबांनीं हदासा रुग्णालयाकडे जाणाऱ्या तांड्यावर हल्ला करून सुमारें 78 माणसें मारलीं. त्यांत डॉक्टर व परिचारिका होत्या. त्या युद्धांत सुमारें सात लक्ष पॅलेस्टाईनी बेघर झाले व त्यांस परत येऊं दिलें गेलें नाहीं. मॅग्नेस तेव्हां अमेरिकेंत होता, आजारी होता. ज्या यहूदी मदतसंस्थेच्या उभारणींत त्याचा स्वतःचा हात होता, तिनें अरब निर्वासितांसाठीं केलेल्या त्याच्या विनंतीला उत्तर दिलें नाहीं म्हणून त्यानें तिच्या नेतृत्वांतून अंग काढून घेतलें. त्याच सालच्या ऑक्टोबरांत तो वारला.

देर यासीनची पुढील हकीकत थोडी सांगितली पाहिजे. 1949 सालीं सरकारनें त्या जागीं यहूदी निर्वासितांची वसाहत करावयाचें ठरविलें. बूबर व इतर तीन विद्वान् ह्यांनीं पंतप्रधान बेन गुरिअन ह्यांस लिहिलें कीं, हे निर्वासितही बापुडवाणे आहेत, त्यांस घरें हवींतच. तथापि हें एक गांव तूर्त ओस राहूं द्या, म्हणजे त्या कृत्याचें स्मरण राहील. त्यांच्या पत्रांस दाद मिळाली नाहीं. वसाहत झाली, तिच्या उद्घाटनास मंत्री आले आणि प्रमुख रब्बीही आले. एकीकडे हें विनंतीपत्र व दुसरीकडे तो समारंभ, दोन्ही एकाच धर्माच्या लोकांचे! पुढें त्या खेड्यांतील राहिलेल्या दगडी घरांत मनोरुग्णांचें रुग्णालय झालें. तें अद्याप तेथें आहे.

बूबरचें नांव आलें म्हणून एक गोष्ट. 1938 च्या नोव्हेंबरांत महात्मा गांधींनीं "हरिजन" पत्रांत लिहिलें कीं, यहूदी लोकांविषयीं आपल्याला पूर्ण सहानुभूति आहे, पण पॅलेस्टाईन अरबांचें आहे. यहूद्यांनीं आपापल्या देशांत राहून, जर्मनींतसुद्धां, सत्याग्रह करावा. बूबर त्याच वर्षीं जर्मनींतून कसाबसा बाहेर पडला होता. 1939 च्या फेब्रुवारींत त्यानें यरुशलेमांतून गांधीजींना दीर्घ पत्र लिहिलें; मॅग्नेसनेंही लिहिलें. हिटलरच्या छळछावणींत सत्याग्रहीचा आवाज कोणाच्या कानीं जाणार, अशी बूबरची पृच्छा होती. अरबांचा हक्क त्यानें नाकारला नाहीं. एकाच भूमीवर दोन हक्क येऊन आदळले आहेत, दोहोंपैकीं एक खोटा ठरविल्याशिवाय त्यांचा मेळ घालतां यावा, एवढेंच त्याचें म्हणणें. ह्या पत्रांस उत्तर गेल्याचें आढळत नाहीं. आमच्या मतें ह्या एका बाबतींत महात्माजींपेक्षां बूबरला परिस्थिति अधिक समजली होती. कोणी वाचक रागावल्यास आमचा इलाज नाहीं.

1967 च्या युद्धांत यार्देन नदीचा पश्चिम तीर व गाझा इस्राएलच्या ताब्यांत आले, आणि प्रश्नानें नवें रूप घेतलें. आतां लक्षावधि पॅलेस्टाईनी लष्करी अंमलाखालीं आले व त्यांच्यामध्यें यहूदी वसाहती उठूं लागल्या. येशायाहू लाइबोविट्झ हा प्राध्यापक धर्माचे सर्व आचार कडकपणें पाळणारा होता. परक्या लोकांवर कायमचें राज्य केल्यानें राज्य करणाराच बिघडतो, असें तो त्या युद्धानंतर लगेच बोलूं लागला व मरेपर्यंत बोलत राहिला. त्याची भाषा फार तिखट असे. 1993 सालीं त्याला राष्ट्राचें मोठें पारितोषिक जाहीर झालें, तेव्हां एवढा गदारोळ उठला कीं तें त्यानें स्वतःच नाकारलें.

1988 सालीं इस्राएलांतील कांहीं रब्बींनीं "मानवी हक्कांसाठीं रब्बी" ह्या अर्थाच्या नांवाची संस्था काढली. सनातनी, मध्यममार्गी व सुधारक असे एरव्हीं एका सभास्थानांत प्रार्थनाही न करणारे रब्बी तींत एकत्र आले, हेंच एक नवल. ह्या संस्थेचें काम पाहावयाचें तर ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पाहावें. तो जैतुनाचा हंगाम. पश्चिम तीरावरील डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांच्या शेतांत हीं झाडें असतात. कित्येक झाडें लावणाऱ्याच्या पणतवांनाही फळ देत असतात. झाडाखालीं कापड पसरून, शिड्या लावून, घरांतील लहानथोर सगळे मिळून फळें उतरवितात, व त्यांच्या तेलावर वर्षाचा बराच खर्च निभतो. वसाहतीला लागून शेत असलें म्हणजे मात्र शेतकऱ्याला तेथें जाऊं देत नाहींत. गेलाच तर दगड येतात. कधीं रात्रींतून झाडेंच कापलेलीं आढळतात. मोशेची फळझाडांची आज्ञा वर सांगितली तिची येथें आठवण व्हावी. हे रब्बी स्वयंसेवकांसह शेतकऱ्याच्या बरोबर जातात, फळें उतरवूं लागतात, आणि कोणी वसाहतवाला चाल करून आला तर मध्यें उभे राहतात. 2015 सालीं त्यांच्यापैकीं रब्बी अरिक अशरमन ह्यांच्यावर तोंड झांकलेल्या एका मनुष्यानें सुरा उगारला. ते थोडक्यांत बचावले व पुन्हां शेतांत गेले. ह्या संस्थेनें पॅलेस्टाईनी गांवांच्या वतीनें सर्वोच्च न्यायालयांतही दाद मागितली. लष्करानें शेतकऱ्याला शेतांत जाण्यास बंदी न करतां उलट त्याला संरक्षण द्यावें, असा निकाल 2006 सालीं मिळाला. निकाल व त्याची अंमलबजावणी ह्यांत जें अंतर असतें तें तेथेंही पुष्कळ आहे.

येथें एक बारीक मुद्दा आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं त्यावर विचार करावा. उपऱ्याविषयींची आज्ञा पुढें करून जेव्हां कोणी दया मागतो, तेव्हां पॅलेस्टाईनी शेतकरी हा उपरी आहे व मिरासदार आपण, असें तो नकळत गृहीत धरितो. ज्याच्या पणज्यानें झाड लाविलें तो उपरी कसा? म्हणून ह्या मंडळींतील अधिक खोल विचार करणारे नाबोथाकडे वळतात. नाबोथ उपरी नव्हता. त्याला दया नको होती; त्याला त्याचा मळा हवा होता.

हीं माणसें सर्व एका मताचीं आहेत असें मात्र कोणी समजूं नये. "नतुरेई कार्ता" नांवाचा अतिसनातनी पंथ इस्राएल राष्ट्रच मानीत नाहीं. परंतु त्याचें मुख्य कारण मशीहा येण्यापूर्वीं राज्य स्थापणें हें पाप आहे, असें आहे. शेजाऱ्याची कळकळ हें त्याचें मूळ नव्हे. उलट रब्बी मेनाहेम फ्रोमन हे स्वतः पश्चिम तीरावरील वसाहतींत राहत, ती भूमि पवित्र मानीत, आणि तरीही एखाद्या गांवच्या मशिदीला यहूदी माथेफिरूंनीं आग लाविली तर तेथें जाऊन गांवकऱ्यांस भेटत. इसहाक फ्रँकेंथाल हे धर्मनिष्ठ गृहस्थ. त्यांचा सैनिक मुलगा 1994 सालीं हमासनें पळवून ठार केला. त्यांनीं 1995 सालीं ज्यांचीं मुलेंमाणसें ह्या झगड्यांत मारलीं गेलीं अशा यहूदी व पॅलेस्टाईनी कुटुंबांस एकत्र आणणारें मंडळ काढलें. तें आजही चालू आहे. अमेरिकेंत 1996 पासून "शांतीसाठीं यहूदी आवाज" ह्या अर्थाची संस्था आहे. 2019 सालीं तिनें यहूदी राष्ट्रवादालाच आपला विरोध जाहीर केला. मानवी हक्कांच्या संस्थेंतील कित्येक रब्बींस हें मान्य होणार नाहीं. राष्ट्र आपलें आहे म्हणूनच त्याच्या अपराधाची लाज आपल्याला वाटते, असें ते म्हणतात.

7 ऑक्टोबर 2023 रोजीं हमासनें गाझांतून इस्राएलांत शिरून सुमारें 1200 माणसें मारलीं व 251 जणांस ओलीस नेलें. मेलेल्यांत पॅलेस्टाईनी रोग्यांस गाझाच्या सीमेवरून इस्राएली रुग्णालयांत नेण्याचें काम स्वेच्छेनें करणारी व्हिव्हियन सिल्व्हर ही वृद्ध बाईही होती. त्यानंतरच्या दोन वर्षांच्या युद्धांत गाझांत, तेथील आरोग्यखात्याच्या मोजणीप्रमाणें, 67 हजारांहून अधिक माणसें मेलीं. 10 ऑक्टोबर 2025 पासून युद्धविराम लागू झाला, तरी माणसें मरण्याचें पूर्ण थांबलें नाहीं.

ह्या काळांत बहुसंख्य सभास्थानें आपल्या राष्ट्राच्या बाजूनें राहिलीं. त्यांचें म्हणणें न ऐकतां त्यांस दोष देणें अन्यायाचें होईल. आपलीं मुलें भुयारांत ओलीस असतां, जगभर यहूदी मुलांस शाळेंत जातांना भीति वाटत असतां, शत्रूच्या घरच्या दुःखाची चर्चा आधीं करावयाची काय, असें ते विचारतात. हें दुःख खोटें नाहीं. पण त्याच दुःखांतून कांहींजण निराळे बोलले. 2023 च्या ऑक्टोबरांतच वॉशिंग्टन येथें कायदेमंडळाच्या इमारतींत व न्यूयॉर्कच्या मोठ्या रेल्वे स्थानकांत शेंकडों यहूद्यांनीं युद्ध थांबवा म्हणून धरणें धरून अटक करून घेतली. वॉशिंग्टनच्या धरण्यांत रब्बीही होते. 2025 च्या जुलैअखेर निरनिराळ्या देशांतील हजाराहून अधिक रब्बींनीं पत्रकावर सह्या करून सांगितलें कीं, अन्नपाणी अडविणें हें युद्धाचें हत्यार होऊं शकत नाहीं. पुढच्याच महिन्यांत रब्बी योसेफ ब्लाउ ह्यांच्या पुढाकारानें सुमारें ऐशीं सनातनी रब्बींनीं वेगळें पत्रक काढलें. हमासचें पाप त्यांनीं लपविलें नाहीं, आणि त्या पापामुळें उपाशी मुलाविषयींची आपल्या सरकारची जबाबदारी संपत नाहीं असेंही बजावलें. सनातनी सभास्थानांतून अशी सही करणाऱ्यास काय किंमत द्यावी लागत असेल, ह्याची कल्पना ज्यानें लहान गांवांत राहून मंडळीच्या मताविरुद्ध एकदां तरी तोंड उघडलें आहे त्याला येईल.

त्या ऑक्टोबरांत, म्हणजे युद्धविरामाच्याच महिन्यांत, पश्चिम तीरावर जैतुनाचा हंगाम सुरू झाला. वसाहतवाल्यांचे त्या एका महिन्यांत 260 हून अधिक हल्ले संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीनें नोंदले. 2006 पासून ती मोजणी चालू आहे, तींत इतका मोठा आंकडा कोणत्याच महिन्याचा नव्हता. त्याही हंगामांत ते रब्बी शेतकऱ्यांबरोबर फळें उतरविण्यास गेले होते.